जिवंतांचा रकाना

सेशन्स कोर्टात एकतीस वर्षं
निकालांच्या मराठी प्रती मी काढल्या.
इंग्रजी न कळणाऱ्याला
आपलं काय झालं ते आपल्या भाषेत कळावं,
एवढंच माझं काम.

त्या दिवशी साहेबांनी सही केली
आणि निब टेबलावर दाबून मोडली.
रिवाज आहे.
शिपाई कापसाने शाई टिपत होता
आणि मी एका वाक्यापाशी अडले होते:
मरेपर्यंत लिहावं, की प्राण जाईपर्यंत?
प्राण लिहिला की तो फुंकणारा आठवतो,
मातीच्या नाकपुड्यांशी वाकलेला.
मी लिहिलं, मृत्यू येईपर्यंत.
जणू तो आपल्या पायांनी येणार होता,
आम्ही कुणी त्याला आणायला जाणार नव्हतो.

दारात शालनबाई. पार्कसाईटची.
अडीच वर्षांत एक तारीख चुकवली नाही तिने.
म्हणाली, बाई, माझ्या पोरीचं नाव तरी नीट लिहा,
पोलिसांनी सगळीकडे पहिली वेलांटी दिलीय,
ती स्वतः दुसरी काढायची.
मी चौदा ठिकाणी वेलांटी फिरवली.
दीक्षा. दीक्षा. दीक्षा.
मग तिने विचारलं, झाली ना त्याला?
मी हो म्हटलं.
ती तिथेच खाली बसली,
मुद्देमालाच्या खोलीबाहेर,
जिथे आत कुठेतरी, खाकी पाकिटात, लाखेखाली
निळ्या पट्ट्याची चप्पल होती.
एकच.

गुड फ्रायडेला मरोळच्या देवळात
बाराव्या स्थानापाशी गुडघे टेकले
आणि नजर नेहमीसारखी जखमांवर न जाता
वरच्या पाटीवर गेली.
हिब्रू, लॅटिन, ग्रीक.
पिलाताने लिहवली म्हणतात.
पण रंगवली कुणी?
असेल कुणी कारकून, तिन्ही भाषा येणारा,
अक्षर वळणदार, सणाची संध्याकाळ, घरी जायची घाई.
लांब धरून त्याने एकदा वाचली असेल,
चूक नाही ना बघितलं असेल,
आणि हात धुतले असतील,
रंग लागला होता म्हणून.

कुमसाराला फादर ऑसवल्डना हे सांगितलं.
म्हणाले, तू तर फक्त भाषांतर केलंस, फिलू.
मग बऱ्याच वेळाने, जाळीपलीकडून:
आम्ही सेमिनरीत शिकलो तेव्हा
सरकारला हा हक्क आहे असं पुस्तकात होतं.
आता रोमने ते खोडलं.
केवढंही पाप असो, जीव ज्याने दिला त्याचाच.
मी वेदीवरून तसं सांगतोही.
पण ती चप्पल मी पाहिली असती
तर ते पान मला उघडवलं असतं का, ठाऊक नाही.
प्रायश्चित्त द्यायचं ते विसरले.
मीही आठवण केली नाही.

शालनबाईला एकदाच बोलले, भीत भीत,
की आमच्यात असं मानतात.
ती पदराने चष्मा पुसत राहिली.
तुमच्या देवाला सांगा, म्हणाली,
माफ करायचं असेल तर आधी मला विचार.
मी सांगितलं त्याला.
अजून सांगते.

नोव्हेंबर लागला की देवळाच्या मागच्या खोलीत
सांतान मिस्सांची वही उघडून बसतो.
नावं?
दीक्षा, मी म्हणते, डावीकडे, मृतांसाठी.
दुसरी वेलांटी, सांतान.
आणि?
मी त्याचं नाव सांगते. सांगताना
जिभेला अजून कडू लागतं.
पेन डावीकडेच उतरू लागतं.
नाही रे. उजवीकडे. जिवंतांत.

तो येरवड्याला आहे.
दयेचा अर्ज कुठल्याशा टेबलावर.
काही रात्री मला वाटतं, पडून राहू दे तो अर्ज,
काही रात्री वाटतं, एकदाचा फेटाळा,
आणि मग उठून पाणी पिते.

यंदा सहावं वर्ष.
अजून उजवीकडेच? सांतान विचारतो.
अजून.
दोघांचे मिळून शंभर रुपये घेतो,
सुटे नाहीत म्हणून कुरकुरतो,
आणि दोन रुपयांचं ते पेन
टोपण लावून
खिशाला अडकवतो.